पक्षाघात झालेला मनुष्य पुन्हा कसा शिकतो

आपल्या खेड्यांत ज्या व्याधीला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात, वैद्य जिला पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात, आणि बाजारात जिचे नाव लकवा असे आहे, ती व्याधी बहुतेक वेळी एकच असते. हा विषय आजच्या पाठासाठी घेण्याचे कारण असे की, झटका आला त्या दिवशी काय करावे हे आपल्यातील बहुतेक घरांनी थोडेफार ऐकलेले असते. परंतु रोगी इस्पितळातून घरी आल्यावर पुढच्या दिवसांत, महिन्यांत व वर्षांत काय करावे हे त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगतो. खाट ओसरीच्या कोपऱ्यात लागते, शेजारीपाजारी येऊन हळहळून जातात, आणि ‘आता हा कामातून गेला’ असा निकाल पंधरा दिवसांच्या आत लागतो. हा निकाल पुष्कळदा खोटा असतो. तो खरा ठरतो तेव्हाही कित्येकदा केवळ तसा लावला गेल्यामुळेच ठरतो; कारण ज्याच्याविषयी सर्वांनी आशा सोडली त्याला कोणी उठवीत नाही, आणि ज्याला कोणी उठवीत नाही तो उठत नाही.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते, अथवा फुटून रक्त मेंदूत पसरते. दहा झटक्यांपैकी सुमारे आठ पहिल्या प्रकारचे असतात. रक्त न मिळाल्यास मेंदूचा तेवढा भाग थोड्याच अवकाशात मरू लागतो. मेंदूच्या डाव्या बाजूकडे शरीराच्या उजव्या अंगाचा कारभार असतो व उजव्या बाजूकडे डाव्या अंगाचा, म्हणून दुखापत एका बाजूस होते आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूस दिसतो. हातपाय, त्यांची हाडे व स्नायू जागच्या जागी असतात. त्यांना हुकूम देणारा कारकून तेवढा नाहीसा झालेला असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सर्व उपचार तिच्यावरच अवलंबून आहेत.

झटक्याच्या दिवसाविषयी दोनच वाक्ये लिहून पुढे जातो. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात उचलून धरता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी चिन्ह अकस्मात दिसले तरी तत्काळ १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी (महाराष्ट्रात ही सोय २०१४ सालापासून आहे) आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळात न्यावे. कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आत रक्तस्राव नाही याची खात्री स्कॅन केल्यावाचून होत नाही. रोगी सकाळी झोपेतून उठताना असा आढळला, तर तो शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता ती वेळ डॉक्टरांना सांगावी.

आता मुख्य प्रश्न. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. मग कित्येक रोगी चालू लागतात, बोलू लागतात, ते कसे? याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, मेलेल्या भागाच्या भोवतालचा काही भाग सूज व धक्का यांमुळे नुसता बधिर झालेला असतो. सूज उतरली म्हणजे तो आपोआप जागा होतो. पहिल्या काही आठवड्यांत जी झपाट्याने सुधारणा दिसते तिच्यात याचा वाटा मोठा असतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मेंदूचे शाबूत राहिलेले भाग मेलेल्या भागाचे काम शिकून घेऊ शकतात. शेतकऱ्याला हे समजावयास कठीण जाऊ नये. पाट एके ठिकाणी ढासळला म्हणजे आपण पीक वाळू देत नाही. दुसऱ्या बाजूने सरी काढून पाणी वळवतो. पण ती नवी सरी एका दिवसात होत नाही. रोज उभे राहून दारे धरावे लागते, माती ओढावी लागते, पाणी परत जुन्या वाटेकडे पळते तेथे बांध घालावा लागतो. मेंदूतील नवी वाटही अशीच रोजच्या वापराने पडते, आणि वापर थांबला की बुजते. म्हणून पक्षाघातातून बरे होणे हे औषधाने ताप उतरण्यासारखे नाही. ते शिक्षण आहे, आणि शिकण्याचे काम स्वतः रोग्यालाच करावे लागते.

याचे एक उदाहरण विस्ताराने सांगण्यासारखे आहे. पेड्रो बाख-इ-रीटा नावाचे मूळचे स्पेन देशातील गृहस्थ न्यूयॉर्क येथील सिटी कॉलेजात अध्यापक होते. १९५९ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांना मोठा झटका आला. अर्धे अंग लुळे पडले व वाचा गेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे काही आठवडे उपचार झाले आणि फारशी आशा नाही असे ठरले. त्यांचा एक मुलगा जॉर्ज त्या वेळी मेक्सिकोत वैद्यकाचे शिक्षण घेत होता. तो बापाला आपल्या घरी घेऊन गेला. या शाखेचे विशेष ज्ञान त्याला नव्हते. कदाचित त्यामुळेच त्याला एक साधा विचार सुचला: मूल आधी रांगते व मग चालते, तर बापानेही आधी रांगावे. दुबळा खांदा भिंतीला टेकवून वृद्ध अध्यापक महिनोन्महिने रांगत राहिले. मुलगा त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून गोट्या खेळे, म्हणजे गोटी उचलण्यासाठी दुबळा हात पुढे करावा लागे. घरातील भांडी घासणे हाही धडा झाला. चांगल्या हाताने पातेले धरावयाचे आणि दुबळा हात आत गोल गोल फिरवावयाचा, काही वेळ एका दिशेने व काही वेळ उलट दिशेने. एवढा विद्वान मनुष्य अंगणात रांगतो हे शेजाऱ्यांना शोभणारे वाटले नाही. पण पेड्रो रांगण्यातून गुडघ्यांवर आले, गुडघ्यांवरून उभे राहिले, मग चालू लागले. टंकलेखनाच्या यंत्रावर प्रथम सबंध हात टाकून एकेक अक्षर उमटे. पुढे बोटे वेगळी चालू लागली. अखेरीस ते पुन्हा शिकवावयास उभे राहिले, आणि त्यांनी पुन्हा विवाहही केला. काही वर्षांनी कोलंबिया देशात उंच डोंगरावर फिरत असता हृदयविकाराने त्यांना मृत्यू आला. शवविच्छेदनात असे दिसून आले की, मेंदूच्या देठातील ती मोठी इजा जशीच्या तशी होती. ती मुळीच भरून आली नव्हती. राहिलेल्या थोड्या तंतूंनी सर्व काम शिकून घेतले होते. त्यांचा दुसरा मुलगा पॉल मेंदूचा शास्त्रज्ञ होता. मेंदू आपली घडण बदलू शकतो या विषयाला त्याने पुढे आपले आयुष्य वाहिले, त्याचे बीज येथे होते.

प्रत्येक रोगी इतका बरा होईल असे मी म्हणत नाही, आणि कोणी तसे वचन देऊ लागल्यास त्याच्यापासून सावध राहावे. मी हे उदाहरण घेतले ते भांड्यांसाठी व गोट्यांसाठी. त्या घरात खर्चाचे कोणतेही यंत्र नव्हते.

किती काळ आशा धरावी?

डेन्मार्क देशातील कोपनहेगन नगरात सुमारे १२०० रोग्यांची पाहणी झाली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे आढळले की, नित्याची कामे करण्याची शक्ती बहुतेकांत पहिल्या तीन महिन्यांतच जितकी यावयाची तितकी आली. यावरून पहिले तीन महिने सोन्यासारखे आहेत हे उघड आहे, आणि ते मालिशीत व गावोगावच्या औषधांत घालवणे हे मोठे नुकसान होय. मात्र यावरून कित्येकांनी, वैद्यांनीसुद्धा, असा अर्थ काढला की सहा महिने उलटल्यावर दार बंद होते. हे खरे नाही. अमेरिकेत २२२ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. या रोग्यांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झाले होते. दोन आठवडे त्यांच्या चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक वेळ जाड हातमोजा चढवून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करवून घेतले. त्यांचा हात इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारला, व ती सुधारणा वर्षानंतरही टिकून होती. या पद्धतीचे जनक एडवर्ड टॉब यांचे म्हणणे असे आहे की, हाताचा लुळेपणा दोन प्रकारचा असतो: काही इजेमुळे आलेला, आणि काही न वापरण्याच्या सवयीमुळे आलेला. आरंभी हात उचलत नाही, प्रयत्न फसतो, रोगी दुसऱ्या हाताने काम भागवतो. पुढे मेंदू थोडा सावरतो, पण तोवर हात विसरला गेलेला असतो. येथे एक अट सांगितली पाहिजे. ज्याच्या मनगटाची व बोटांची थोडी तरी हालचाल होते त्यालाच हा उपाय लागू आहे. आणि ज्याचा तोल जातो त्याचा चांगला हात बांधून त्याला चालवू नये, नाहीतर तो पडून दुसरेच दुखणे ओढवेल.

उलट अति घाईही नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील २१०० हून अधिक रोग्यांवरील प्रयोगात पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालवण्याने फायदा होण्याऐवजी परिणाम काहीसा वाईट झाला. पहिल्या दिवशी डॉक्टर सांगतील तितकेच करावे. त्यानंतर मात्र अंथरुणात पडून राहण्याचा एकेक दिवस महाग पडतो.

घरातील माया

आता मी जे लिहिणार आहे ते काहींना कठोर वाटेल. आपल्या घरांतील रोग्याचे सर्वांत अधिक नुकसान निष्काळजीपणाने होत नसून मायेने होते. सून घास भरवते, मुलगा उचलून बसवतो, नातू पाणी तोंडाला लावतो, आणि बाबांना काही करू न देणे हीच सेवा असे सर्वांना वाटते. घास तोंडापर्यंत नेण्यास बाबांना वीस मिनिटे लागतात व अर्धे अन्न सांडते, हे बघवत नाही. परंतु ती वीस मिनिटे हाच त्यांचा उपचार आहे. जे त्यांना निम्मे जमते ते निम्मे त्यांना करू द्यावे, आणि उरलेल्या निम्म्याला हात लावावा. पैरण घालताना दुबळा हात आधी बाहीत घालावा व काढताना तो शेवटी काढावा, एवढे शिकवले तर पुष्कळजण काही आठवड्यांत आपली पैरण आपण घालू लागतात.

झोळ पडलेली बाज या रोग्याला वाईट. फळ्यांची खाट किंवा पक्का पलंग असावा, म्हणजे कुशीवर वळणे व कडेला उठून बसणे जमते. ज्याला स्वतः वळता येत नाही त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, रात्रीही. माकडहाडावर व टाचांवर लाली दिसू लागली की व्रण दूर नाही असे समजावे. दुबळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून रोग्याला कधीही ओढू नये. त्या खांद्याला स्नायूंचा आधार राहिलेला नसतो. एका हिसक्याने तो सांध्यातून खाली उतरतो आणि मग महिनोन्महिने ठणकतो. ज्या घरात खांदा दुखावला त्या घरात हाताचा व्यायाम संपला असेच पुष्कळदा होते, कारण रोगी हाताला स्पर्शही करू देत नाही. उठवताना कमरेला जाड पंचा बांधून त्याला धरावे. पाय थोडे मागे घ्यावयास सांगावे, नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतके वाकावयास सांगावे, आणि मग उभे करावे. खुर्चीवरून असे उठणे व बसणे हा पायांचा उत्तम व्यायाम आहे, व तो दिवसातून पुष्कळ वेळा करावयाचा आहे. काठी नेहमी चांगल्या हातात द्यावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी.

गिळण्याविषयी विशेष सावधगिरी पाहिजे. पाणी हा सर्वांत सोपा घास असे आपण समजतो. पण गिळण्याच्या स्नायूंत बिघाड झालेल्याला पातळ पाणीच सर्वांत अवघड जाते. निजलेल्या रोग्याच्या तोंडात चमच्याने पाणी सोडण्याची आपली रीत फार घातक आहे. ते पाणी श्वासनळीत उतरते, आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होऊन रोगी जातो; मग लोक म्हणतात, दुसरा झटका आला. सरळ बसवल्यावाचून काहीही देऊ नये. घास लहान असावा, हनुवटी किंचित खाली असावी, जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावे. खाताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओला, घोगरा येत असेल तर थांबावे व डॉक्टरांना विचारावे.

दुबळ्या हाताला काय काम द्यावे? रबरी चेंडू दाबत बसण्याची फार चाल आहे. माझे मत तिला अनुकूल नाही, कारण या रोगात मूठ आपोआपच आवळत जाते. कठीण असते ते बोटे उघडणे आणि धरलेली वस्तू सोडणे. आपल्या घरांत याला साधनांची वाण नाही. परातीत तांदूळ पसरून निवडणे, शेंगा सोलणे, वाटीतून वाटीत हरभरे टाकणे, पिठाचा गोळा दाबून पसरणे, तांब्या दोन्ही हातांनी उचलणे, ही सर्व कामे इस्पितळातील खेळण्यांपेक्षा उणी नाहीत. शिवाय त्यांतून काहीतरी निष्पन्न होते, व आपण घराच्या उपयोगी पडलो असे रोग्याला वाटते. हेच तत्त्व घेऊन मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. त्या जन्माने अमेरिकन होत्या व विवाहाने निंबकर घराण्यात आल्या होत्या. मनुष्याला त्याच्याच नित्याच्या उद्योगातून सावरावे हा त्या शास्त्राचा गाभा आहे.

डाव्या अंगाच्या लुळेपणात कधी कधी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. रोगी ताटाच्या उजव्या अर्ध्यातील भात खातो व डाव्या अर्ध्यातील तसाच ठेवतो. अर्ध्याच तोंडाची दाढी करतो. आपला डावा हात आपला आहे हेही त्याला आठवत नाही. डोळे चांगले असतात, पण मेंदूने ती बाजू टाकून दिलेली असते. अशा वेळी रागावू नये. ताट वळवून द्यावे, आणि बोलावयास मुद्दाम त्या बाजूस बसावे.

वाचा

उजवे अंग गेलेल्या पुष्कळांची वाचाही जाते, कारण बहुतेक माणसांच्या वाणीचे स्थान मेंदूच्या डाव्या बाजूस असते. पॅरिस येथील वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ साली हे दाखवून दिले. त्यांच्या रोग्याच्या तोंडून केवळ ‘तान’ एवढाच शब्द निघे, पण समज पुष्कळ शाबूत होती. तो मेल्यावर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. सांगावयाचे असे की, ज्याची वाचा गेली त्याची बुद्धी गेली असे नाही. तो वेडा झालेला नाही, बहिरा झालेला नाही. त्याच्यासमोर त्याच्या जमिनीच्या वाटण्यांची चर्चा करू नये. तो ऐकतो आहे. त्याच्याशी लहान वाक्यांत बोलावे, हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न विचारावा, आणि मग थांबावे. हे थांबणेच आपल्याला जमत नाही. शब्द त्याच्या ओठांवर येण्यापूर्वी आपण चार शब्द सुचवून मोकळे होतो.

मागे एका घरी भेटीस गेलो असता घरच्यांनी मजजवळ तक्रार केली की, आजी सोंग करते. मुलाचे नाव विचारले तर सांगता येत नाही, आणि शेजारच्या मुली गीत म्हणू लागल्या तर बरोबर सगळे कडवे म्हणते! मी त्यांना सांगितले की हे सोंग नव्हे. हे वैद्यांना फार जुने ठाऊक आहे. स्वीडन देशात ओलोफ दालीन यांनी १७४५ साली अशाच एका मनुष्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याचे उजवे अंग व वाणी दोन्ही गेली होती, तरी आजारापूर्वी पाठ असलेली उपासनेची गीते तो स्पष्ट गाऊ शके. पाठ असलेले गाणे, अंक मोजणे, वारांची नावे यांसाठी मेंदू निराळी वाट वापरतो, व ती वाट पुष्कळदा शाबूत राहते. १९७३ साली अमेरिकेतील बोस्टन येथील वैद्यांनी या गोष्टीवरून उपचारच बसवला: ‘पाणी दे’, ‘घरी चल’ अशी लहान वाक्ये सुरावर, चांगल्या हाताने ताल धरून म्हणवून घ्यावयाची, आणि हळूहळू सूर कमी करीत जावयाचा. सर्वांनाच याचा गुण येतो असे नाही. परंतु ज्या घरात रोज सायंकाळी गीत, भजन किंवा पाळणा म्हणण्याची चाल आहे त्या घराने रोग्याला त्यातून वगळू नये. त्याला मध्ये बसवावे.

मनाविषयीही लिहिले पाहिजे. या रोग्यांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्याला खोल उदासीनता येते. तो जेवत नाही, व्यायामास नको म्हणतो, भिंतीकडे तोंड करून निजतो. ‘मन खंबीर कर’ असा उपदेश करण्याचा हा प्रसंग नव्हे. ही उदासीनता त्या व्याधीचाच भाग आहे, तिच्यावर औषधे आहेत व ती डॉक्टरांना सांगावी. याशिवाय काहींना कारण नसता रडू किंवा हसू कोसळते. मयताला गेलेला मनुष्य हसू लागला म्हणून त्याच्यावर गावाने रुसू नये. ते हसू त्याच्या ताब्यात नसते.

काही व्यर्थ खर्च

कबुतर कापून त्याचे रक्त लुळ्या अंगाला चोळणे, तापल्या लोखंडाने डाग देणे, अमुक वार गाडी करून दूरच्या औषधवाल्याकडे जाणे, या गोष्टी अद्याप चालतात. त्यांना गुण आल्यासारखा का दिसतो हे वर सांगितलेल्या गोष्टीवरून कळेल: पहिल्या आठवड्यांत सूज उतरून जी सुधारणा आपोआप व्हावयाची असते तिचे श्रेय कबुतराला मिळते. बधिर कातडीवर दिलेला डाग रोग्याला दुखतही नाही, व जखम चिघळते. तेलाच्या मालिशीला माझा विरोध नाही. हलक्या हाताने केलेल्या मालिशीने बरे वाटते. पण मालिश करताना अंग दुसरा हलवतो, आणि शिकावयाचे तर रोग्याने आपण हलवले पाहिजे, मग ते बोटभर का असेना.

येथे एक उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. घरच्या माणसांनाच थोडे शिकवून त्यांच्या हातून सर्व उपचार करवावा, या कल्पनेची भारतातच मोठी परीक्षा झाली. १४ इस्पितळे व १२५० रोगी असलेला तो प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर पाहता, ज्या घरांना शिकवले होते व ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले होते त्या दोन्ही गटांत, मेलेले अथवा परावलंबी राहिलेले रोगी सारखेच, म्हणजे शेकडा ४७ निघाले. यावरून घरच्यांची मेहनत व्यर्थ असे मी समजत नाही. पण जाणत्या माणसाची देखरेख वगळून केवळ घरच्यांवर भार टाकणे पुरे पडत नाही, हे त्यातून घेतलेच पाहिजे. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात फिजिओथेरपीची खोली असल्यास पंधरा दिवसांतून एकदा तरी तेथे जावे, रोग्याला काय जमू लागले ते दाखवावे, आणि पुढचा धडा घेऊन यावे. कबुतरासाठी केलेल्या गाडीचे भाडे याकामी पुरेल.

रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे. बरे वाटते म्हणून त्या बंद करणे म्हणजे दुसऱ्या झटक्याला निमंत्रण देणे होय. मिश्री, तंबाखू व विडी कायमची सुटली पाहिजेत. रक्त पातळ ठेवणारी गोळी गुठळीच्या झटक्यात लागते, रक्तस्रावाच्या झटक्यात ती घात करील. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून औषध आणू नये.

पुन्हा उद्योगाकडे

लुई पाश्चर यांचे नाव कुत्रे चावल्यावर टोचतात त्या लशीमुळे आपणांस माहीत आहे. त्यांना १८६८ च्या ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या ४५ व्या वर्षी, पक्षाघात झाला व डावे अंग लुळे पडले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते त्या वेळी रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध करीत होते. अंथरुणावरूनच त्यांनी त्यासंबंधी लेख सांगून लिहवून घेतला, आणि थोड्याच महिन्यांत ते पुन्हा किड्यांकडे गेले. त्यांचा डावा हात पुढे कधीही पुरता सुधारला नाही, पाय ओढतच राहिला. हाताने करावयाचे पुष्कळ प्रयोग त्यांचे साहाय्यक करीत, व पाश्चर योजना आखीत, निरीक्षण करीत, टिपणे ठेवीत. मेंढ्यांच्या फाशी रोगावरील लशीचा जाहीर प्रयोग १८८१ साली झाला आणि पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला पहिली लस १८८५ साली टोचली गेली. म्हणजे ज्या कामांनी ते जगाला माहीत झाले ती त्यांनी लुळ्या हातानिशी, झटक्यानंतरच्या २७ वर्षांत केली.

ज्या शेतकऱ्याचा हात पुरता आला नाही त्याच्यासाठी घराने असाच विचार करावा. औत त्याला धरता येणार नाही, पण पाण्याची पाळी कोणाची, बियाणे कोणते, हिशेब कसा, हे त्याच्याकडे राहू शकते. बांधापर्यंत काठीने चालत जाणे हा त्याचा व्यायामही होईल. अपंगत्वाचा दाखला काढावयास लाज वाटू नये. २०१६ च्या कायद्याप्रमाणे शेकडा ४० किंवा त्याहून अधिक अपंगत्व ठरल्यास कित्येक सवलतींचा हक्क पोहोचतो, आणि महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करता येतो.

शेवटी शुश्रूषा करणाऱ्या बाईविषयी. बहुधा ती रोग्याची पत्नी किंवा सून असते, रात्री दर दोन तासांनी तीच उठते, आणि महिनोन्महिने तिला घराचा उंबरा ओलांडता येत नाही. भेटीस जाणाऱ्यांनी खाटेभोवती बसून चहा मागण्यापेक्षा तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून द्यावी. मंडळीतील दोन बायांनी पाळी लावून घेतली तर हे सहज होते. तेवढ्या वेळात रोग्याला दहा वेळा खुर्चीवरून उठवून बसवावे, त्याच्यापुढे परातीत शेंगा ओताव्यात, आणि तो सोलतो तोवर घाई न करता त्याच्याशी बोलत बसावे.